अनोळखी माणसांसमोर काम करण्याची सवय : मुक्तस्रोत संस्कृती आणि आजचे सॉफ्टवेअर

अर्धविराम

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवरच्या चर्चा बहुधा ते फुकट मिळते इथपासून सुरू होतात आणि परवान्यांच्या वादात संपतात. आजचे बहुतेक सॉफ्टवेअर कोणत्या ना कोणत्या मुक्तस्रोत घटकांवर उभे आहे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. या धाग्यात मला निराळी बाजू मांडायची आहे. ज्या कंपन्यांनी स्वतःच्या कोडची एक ओळही कधी बाहेर दिलेली नाही, त्यांच्या आतदेखील आज काम एका ठरावीक रीतीने चालते : बदल लहान ठेवायचा, तो का केला हे लिहून ठेवायचे, दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय तो मुख्य शाखेत, म्हणजे सर्वांच्या सामायिक मूळ प्रतीत, घ्यायचा नाही आणि प्रत्येक बदलावर चाचण्या आपोआप चालवायच्या. ही रीत बऱ्याच अंशी मुक्तस्रोत प्रकल्पांत घडली आणि तिथून सगळीकडे गेली. मिळालेल्या कोडपेक्षा ही रीत मला मोठी वाटते.

ती कोणी आदर्श म्हणून आखलेली नव्हती; ती अडचणीतून आली. लायनस टॉरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या चर्चागटावर आपण स्वतःची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे कळवले; तीच नंतर लिनक्स झाली. पुढे ज्यांनी त्यांना पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, पाठवले, त्यांतले बहुतेक त्यांच्या ओळखीचे नव्हते, एका देशातले नव्हते आणि त्यांच्यावर कोणाचा हुकूमही चालणार नव्हता. अशा माणसाला 'जरा इकडे ये, समजावून सांगतो' असे म्हणता येत नाही. जे सांगायचे ते लिहूनच सांगावे लागते, आणि ज्याच्यापाशी वेळ कमी आहे व ज्याचा आपल्यावर अजून विश्वास बसलेला नाही अशा वाचकाला पटेल इतके नेमके लिहावे लागते. दहा गोष्टी एकाच पॅचमध्ये कोंबल्या तर तो कोणी वाचत नाही, म्हणून एका पॅचमध्ये एकच गोष्ट घ्यायची. कारण दिले नाही तर पॅच प्रश्नांसह परत येतो, म्हणून कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात आधीच कारण लिहायचे. आज आपण ज्यांना शिस्त म्हणतो त्या सवयी मुळात अनोळखी माणसाचे मन वळवण्याच्या युक्त्या आहेत.

कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाचा जन्मही याच गरजेतून झाला. २००२ पर्यंत लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, आवृत्ती सांभाळणारी कोणतीही प्रणाली वापरात नव्हती. पॅच ईमेलने येत आणि टॉरवाल्ड्स ते स्वतः लावत. त्यानंतर बिटकीपर हे खासगी मालकीचे साधन काही वर्षे वापरले गेले. २००५ मध्ये त्याच्या विनामूल्य वापराची सवलत मागे घेतली गेली, तेव्हा टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात अवघ्या काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे हवे ते करून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो आपले काम दुसऱ्याने स्वीकारावे अशी इच्छा असेल तेव्हाच. २००८ मध्ये गिटवरचे प्रकल्प ठेवण्याची गिटहब ही वेबसेवा सुरू झाली आणि पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे आपला बदल घ्यावा अशा विनंतीच्या, रूपाने ही सारी देवघेव एका पानावर आली. आज एखाद्या बँकेच्या अंतर्गत प्रणालीवर काम करणारी टीमसुद्धा, जिच्या सदस्यांच्या खुर्च्या एकमेकांना लागून आहेत, नेमके हेच यंत्र वापरते.

निर्णयांचेही तेच झाले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २००० सालापासून मोठा बदल सुचवायचा तर पेप नावाचा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो, त्यावर जाहीर चर्चा होते, आणि जे पर्याय नाकारले गेले तेही कारणांसह त्याच कागदावर राहतात. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत तर ईमेल यादीवर न झालेली चर्चा झालीच नाही असे समजण्याची प्रथा आहे, कारण चार जणांनी फोनवर ठरवलेली गोष्ट पाचव्या, झोपेत असलेल्या सदस्याला कळण्याचा दुसरा मार्गच नसतो. अनेक कंपन्यांत आज काय व का बांधायचे याचे जे 'डिझाइन डॉक' लिहिले जाते, ते मला याच कुळातले वाटते.

या सवयी पसरल्या त्या त्यांच्या मूळ कारणासह पसरल्या की फक्त त्यांचे बाह्यरूप पसरले, यावर मला इतरांची मते हवी आहेत.

कळलावी

अर्धविराम, मांडणी चांगली आहे, पण सगळे श्रेय एकाच दारात नेऊन ठेवण्याची घाई झाली आहे असे वाटते. दुसऱ्याचा कोड पद्धतशीर तपासण्याची रीत आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्येच लिहून प्रसिद्ध केली होती. तिच्यात बैठक असे, ठरलेल्या भूमिका असत आणि सापडलेल्या दोषांची नोंद होई. लेखी प्रस्ताव मागवून चर्चा करण्याची प्रथा तर इंटरनेटच्या आरएफसी कागदपत्रांत आहे, आणि त्यांतला पहिला कागद एप्रिल १९६९ मधला आहे. सर्वांचे बदल सतत एकत्र करून चाचण्या चालवण्याचा आग्रह १९९० च्या दशकाअखेरीस एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग ही कार्यपद्धती मांडणाऱ्यांनी धरला होता, आणि ती मंडळी एकाच खोलीत बसून काम करण्याच्या बाजूची होती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुरेसे डोळे असले की प्रत्येक दोष उथळ ठरतो, असा एक दावा या संस्कृतीत टॉरवाल्ड्स यांच्या नावाने नियम म्हणून फिरतो. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या वेबवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या साधनाच्या मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीपासून सर्वांसमोर उघडा पडलेला होता. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे न तपासता सर्व्हर स्वतःच्या स्मृतीतील मजकूर परत पाठवत असे; इतका तो साधा होता. तो बदल प्रकल्पाच्या एका सदस्याने तपासून मगच घेतलेला होता. जगातल्या वेबसर्व्हरांचा फार मोठा भाग ज्यावर विसंबून होता, तो कोड वाचायला कोणालाही बंदी नव्हती, आणि तरी दोन वर्षे तो दोष तिथेच राहिला. वाचता येणे आणि वाचले जाणे यांतले अंतर तुमच्या मांडणीत दिसत नाही.

तळटीप

कळलावींच्या इतिहासाला माझी हरकत नाही, पण एक फरक नोंदवतो. फॅगन यांच्या तपासणीला बसणारे सगळे एकाच संस्थेचे पगारदार होते. त्यांच्यापैकी कोणालाही निर्णय पटला नाही म्हणून सगळा कोड उचलून शेजारी दुसरा प्रकल्प सुरू करता येत नव्हता. मुक्तस्रोत प्रकल्पात तो येतो, आणि माझ्या मते संस्कृतीचे मूळ ईमेल यादीत किंवा गिटमध्ये नसून या हक्कात आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हा गिटहबसारखी कोणतीही सोय नव्हती. पण प्रत घेण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत वाटण्याचा हक्क लेखी झाला होता.

या हक्काचा उपयोग क्वचित होतो, आणि त्याचा दबाव मात्र रोज जाणवतो. कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरचे उदाहरण घ्या. १९९७ मध्ये त्याच्या संथ व बंदिस्त कारभाराला कंटाळलेल्या विकसकांनी ईजीसीएस नावाची वेगळी शाखा काढली. ती इतकी पुढे गेली की १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळे झाले. नोडजेएसमधून २०१४ च्या अखेरीस आयओजेएस फुटले आणि पुढच्याच वर्षी नव्या प्रशासनाखाली दोन्ही पुन्हा एकत्र आले. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, पण त्याचे 'नाही' वारंवार अवाजवी ठरले तर माणसे कोड घेऊन निघून जाऊ शकतात, हे त्यालाही ठाऊक असते. त्यामुळे तो कारण देतो. अर्धविराम ज्याला मन वळवण्याची युक्ती म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी चालते.

कंपनीच्या आतल्या पुल रिक्वेस्टला ही दुसरी बाजूच नाही.

सांजवारा

तळटीप यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण मी मुख्यतः कंपन्यांच्या आतलेच काम पाहिले आहे.

प्रकल्पातील मेंटेनरपाशी एक गोष्ट असते जी कंपनीत बदल तपासणाऱ्या रिव्ह्यूअरपाशी जवळजवळ कधीच नसते : घाई नसणे. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, नवे काम घेण्याची खिडकी सुरुवातीचे दोन आठवडेच उघडी असते, आणि त्यात जे बसले नाही ते पुढच्या खेपेला येते. कोणाचे वचन मोडत नाही, कोणाचा तिमाही अहवाल कोरा राहत नाही. कंपनीत मात्र लेखक आणि रिव्ह्यूअर यांचा वरिष्ठ एकच असतो, मुदत एकच असते, आणि रिव्ह्यू रोखून धरणारी व्यक्ती कामात अडथळा आणणारी ठरते. मग चारशे ओळींचा बदल काही मिनिटांत 'ठीक आहे' असा शेरा घेऊन पुढे जातो आणि नावे, मोकळ्या जागा व दोन किरकोळ सूचना यांपलीकडे कोणी बोलत नाही. यंत्र तेच असते, पण नकाराची शक्यता गेलेली असते, आणि जिथे नकार शक्य नाही तिथे संमतीलाही फारसा अर्थ राहत नाही.

याची उलट बाजूही सांगायला हवी. काही अनुभवी मंडळी असे मानतात की पुल रिक्वेस्ट ही मुळात परक्यांसाठी बांधलेली फाटकाची व्यवस्था आहे, आणि रोज एकत्र काम करणाऱ्या, एकमेकांना नीट ओळखणाऱ्या टीमने ती आंधळेपणाने उचलली, तर काम रांगेत पडून राहण्यापलीकडे काही साधत नाही. त्यापेक्षा दोघांनी एकत्र बसून कोड लिहावा आणि तो दिवसातून अनेकदा थेट मुख्य शाखेत घालावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पूर्ण पटत नाही, कारण दोघांतले बोलणे हवेत विरते आणि सहा वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. परंतु परक्यांसाठीची व्यवस्था आपल्यांवर लादताना तिचे कारण कोणी विचारले नाही, हा त्यांचा आक्षेप योग्य आहे.

कंपन्यांनी या संस्कृतीतून खरोखर टिकाऊ असे काय घेतले, असे कोणी विचारले तर मी कमिटच्या इतिहासाचे नाव घेईन. ज्या टीममध्ये एखाद्या विचित्र ओळीवर 'गिट ब्लेम' (ती ओळ कोणत्या बदलात आली हे दाखवणारी आज्ञा) चालवून ती कोणत्या तक्रारीमुळे आली हे शोधता येते, आणि ज्या टीममध्ये त्या जागी 'दुरुस्ती' एवढाच शब्द सापडतो, त्या दोन टीममधील फरक पहिल्याच मोठ्या बिघाडाच्या वेळी कळतो.

सौदामिनी

मी एक लहान लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, सांभाळते. ती मोठी किंवा प्रसिद्ध नाही, पण इतर काही प्रकल्प तिच्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे वरची चर्चा मला जरा वेगळ्या जागेवरून वाचावी लागते. सगळ्यांनी मेंटेनरच्या अधिकाराबद्दल लिहिले आहे. त्याच्या थकव्याबद्दल कोणी लिहिलेले नाही.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायलींचा आकार कमी करणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला. त्याची हकिगत अनेकांना माहीत असेल, पण ती या धाग्याच्या विषयाच्या अगदी मध्यावर येते म्हणून पुन्हा सांगते. हे साधन प्रत्यक्षात एकच व्यक्ती फावल्या वेळात सांभाळत होती. 'जिया टॅन' या नावाने एक नवा सहभागी आला. त्याचे पॅच लहान होते, नीट लिहिलेले होते, भाषा सौम्य होती. २०२२ मध्ये काही वापरकर्ता-खात्यांनी ईमेल यादीवर, प्रकल्प फार हळू चालतो, नवा मेंटेनर हवा, अशी कुरकुर सुरू केली. मूळ मेंटेनरने आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प असल्याचे सांगितले, तरी तगादा थांबला नाही. हळूहळू त्या नव्या सहभागीकडे अधिकार आले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक भाग शिरला. त्याचा मजकूर चाचण्यांच्या फायलींत दडवलेला होता आणि तो जागा करणारा बांधणीचा (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या प्रक्रियेचा) तुकडा फक्त वाटपासाठी तयार केलेल्या संग्रहात होता, गिटमध्ये नव्हता. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांपैकी एक, आंद्रेस फ्रॉइंड, यांना आपल्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे जोडणी करणाऱ्या सोयीने, आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि त्यांनी तो धागा शेवटपर्यंत उलगडला, म्हणून हे उघड झाले.

अर्धविराम, तुम्ही ज्या सवयींची यादी केली आहे त्या सगळ्या त्या सहभागीने तंतोतंत पाळल्या होत्या. बदल लहान होते, कारणे दिलेली होती, चिकाटी होती. विश्वास मिळवण्याची आपली संपूर्ण शिडी तो एकेक पायरी करत चढला. म्हणून कळलावींच्या आक्षेपापेक्षा माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. डोळे कमी होते एवढेच नव्हे. जे शिष्टाचार आपण सद्हेतूची खूण मानतो, ते शिकून घेता येतात.

आणि डोळे का कमी होते, याचेही उत्तर याच संस्कृतीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गंभीर दोष बाहेर आला. त्यानंतर इंटरनेटवरून माहिती पाठवणाऱ्या-आणणाऱ्या कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका मोठ्या कंपनीचे पत्र आले. त्यांनी ते कंपनीचे नाव न घेता जाहीर केले. त्यात लॉगफोरजेच्या वापराबद्दल २४ तासांत उत्तरे मागितली होती. कर्ल सी भाषेत लिहिलेले आहे, त्याचा जावाच्या त्या लायब्ररीशी काही संबंध नाही, आणि त्या कंपनीशी स्टेनबर्ग यांचा कोणताही करार नव्हता. त्यांनी उत्तर दिले की साहाय्य-करार झाला की आनंदाने उत्तरे देऊ. त्या पत्रामागे आपल्या पुरवठादाराशी बोलत असल्याची समजूत होती. बहुतेक परवान्यांत 'कोणतीही हमी नाही' हे वाक्य ठळक मोठ्या अक्षरांत असते. ते वाचण्याची सवय मात्र कोणत्याही कंपनीने आमच्याकडून घेतलेली दिसत नाही.

नवशिका

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. मी अलीकडेच एका प्रकल्पात पहिला बदल पाठवला. जुन्या चर्चा वाचताना काही ठिकाणी फार कठोर, अगदी अपमानास्पद भाषा दिसली. अनोळखी माणसांशी लिहून बोलण्यातून नेमकेपणा आला असे अर्धविराम म्हणतात. पण हा उद्धटपणाही त्याच सवयीतून आला, असे समजायचे का?

अर्धविराम

नवशिका, काही प्रमाणात होय. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि तुसडेपणाला तांत्रिक प्रामाणिकपणा समजण्याची खोड या क्षेत्राला जुनीच आहे. लिनक्स कर्नलच्या यादीवर टॉरवाल्ड्स यांची भाषा कित्येक वर्षे वादाचा विषय होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी पेप ५७२ वरच्या कडवट वादानंतर अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, आणि आता पाच निवडून आलेल्या सदस्यांची समिती ते काम पाहते. लेखी नोंदीचा एक गुण असा की कठोर बोलही पुसले जात नाहीत, म्हणून त्यांवर पुराव्यानिशी बोलता येते. पण नव्याने येणाऱ्याला आधी तेच वाचावे लागतात, ही किंमत आहेच.

सौदामिनी, तुमच्या आक्षेपाला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणेन की एक्सझेडच्या प्रकरणात शेवटी जे उपयोगी पडले तेही याच सवयींपैकी होते. फ्रॉइंड यांना शंका आली तेव्हा कोड, त्याचा इतिहास आणि यादीवरचा दोन वर्षांचा पत्रव्यवहार हे सगळे त्यांच्यासमोर आणि इतर सर्वांसमोर होते. म्हणूनच उलगडा झाल्यावर काही दिवसांत जगभरच्या लोकांना कोणी, कधी, कसे हे क्रमवार मांडता आले. बंदिस्त उत्पादनात अर्ध्या सेकंदाच्या विलंबाची तक्रार एखाद्या ग्राहकसेवा केंद्रात पडून राहिली असती. मात्र फ्रॉइंड यांच्याइतका चौकस माणूस योगायोगाने तिथे होता, हे मान्य करावे लागते, आणि योगायोगाला पद्धत म्हणता येत नाही.

तळटीप

फोर्कच्या, म्हणजे कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढण्याच्या, हक्काबद्दल मी वर थोडे एकतर्फी लिहिले, त्यात भर घालतो.

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी चालवलेल्या प्रकल्पांचे परवाने एकामागून एक बदलले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने टेराफॉर्मसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये अशा अटी आणल्या, ज्या रूढ व्याख्येनुसार मुक्तस्रोत ठरत नाहीत. बहुतेकांचा युक्तिवाद एकच होता : आम्ही कोड लिहितो आणि क्लाउड कंपन्या तो सेवा म्हणून विकून पैसा मिळवतात. या युक्तिवादात तथ्य आहे. पण बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या बदलांचे काय, हा प्रश्न त्यात गाळला जातो. परवाना असा एकतर्फी बदलता आला, कारण कुठे योगदानकर्त्यांकडून हक्कांचा करार आधीच करून घेतलेला होता, तर कुठे मूळ परवानाच पुरेसा सैल होता. लिनक्स कर्नलच्या बाबतीत हे जवळपास अशक्य आहे, कारण तिथे हक्क हजारो लोकांमध्ये विखुरलेले आहेत. योगदान देण्यापूर्वी ही एक बाब पाहण्याचा सल्ला मी नवशिका यांनाही देईन.

या बदलांना उत्तर म्हणून इलॅस्टिक, टेराफॉर्म आणि रेडिस यांचे अनुक्रमे फोर्क झाले : ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलच्या रूपाने मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. हक्क जिवंत आहे, असे यावरून म्हणता येईल. पण हे फोर्क कोणाच्या बळावर उभे राहिले ते पाहा. ओपनसर्च अमेझॉनने काढले. व्हॅल्की लिनक्स फाउंडेशनखाली आले, आणि त्यामागे अमेझॉन, गूगल, ओरॅकल अशा कंपन्या उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये काही चिडलेले विकसक कंपायलरची शाखा काढू शकत होते. आजच्या आकाराच्या डेटाबेसची शाखा काढून ती वर्षानुवर्षे चालवायला पगारी अभियंत्यांची फौज लागते. हक्क कागदावर सर्वांना सारखाच आहे, तो बजावण्याची ऐपत मात्र थोड्यांकडे आहे. मेंटेनरवर जो दबाव मी वर्णिला, तो त्यामुळे लहान प्रकल्पांत अजून खरा आहे आणि मोठ्यांत तो उद्योगांमधील वाटाघाटीचा भाग झाला आहे.

कळलावी

हे पटले. आणि सर्व मुक्त कोड या संस्कृतीत वाढलेला असतो असेही नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये तो आहे, पण त्याचे कर्ते बाहेरचे पॅच सहसा घेत नाहीत. छोटी टीम, कमालीच्या कडक चाचण्या आणि बंद दार. अर्धविराम यांच्या मांडणीनुसार तो प्रकल्प इतका भरवशाचा असायला नको होता.

सौदामिनी

कळलावी, एसक्यूलाइटचा मला हेवा वाटतो. दार बंद ठेवण्याचा तो निर्णय आज माझ्यासारख्या अनेकांच्या मनात घोळतो आहे, आणि त्याचे कारण नवे आहे.

आतापर्यंत सगळ्यांनी लिहिलेल्या रीतीमागे एक न बोललेले गृहीतक होते : बदल तयार करायला तो तपासण्यापेक्षा अधिक कष्ट पडतात. कोणी नीट पॅच पाठवला, तर त्याने निदान कोड वाचला आहे, काही तास घालवले आहेत, असे धरून चालता येत होते. ते कष्टच त्याच्या गांभीर्याचा पुरावा होते, आणि म्हणून त्याला माझा वेळ देणे न्याय्य वाटत होते. आता भाषिक प्रारूपांकडून, म्हणजे मजकूर व कोड लिहिणाऱ्या एआयकडून, क्षणात तयार करून घेतलेले पॅच आणि सुरक्षा-दोषांचे अहवाल येतात. ते सफाईदार असतात, आत्मविश्वासाने भरलेले असतात, आणि त्यांत वर्णन केलेले फंक्शन कधीकधी कोडमध्ये अस्तित्वातच नसते. स्टेनबर्ग यांनी कर्लकडे येणाऱ्या अशा अहवालांबद्दल वारंवार जाहीर तक्रार केली आहे. जेंटू या लिनक्स-वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये असे योगदान स्वीकारणार नाही असे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पानेही तशी बंधने घातली. लिहिणे स्वस्त झाले आहे; वाचायला मात्र मला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

सांजवारा

कंपन्यांतही हेच चालू आहे, फरक एवढाच की तिथे दार बंद करण्याचा पर्याय रिव्ह्यूअरला नसतो. बदलांचा आकार वाढतो आहे, आणि लेखकाला स्वतःच्याच बदलातील एखाद्या ओळीचे कारण विचारले तर ते सांगता येत नाही, असे प्रसंग येऊ लागले आहेत.

लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ असते. लिनक्समध्ये आपला कोड वापरल्याचा दावा करत एससीओ कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या खटल्यांच्या पार्श्वभूमीवर ती आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे त्या ओळीने पाठवणारा लिहून देतो. तिचा हेतू मालकीपुरता होता, समजण्याशी तिचा संबंध नव्हता. आमच्या टीममध्ये आता कोडचा मसुदा कोणीही किंवा कशानेही लिहिलेला असो, वर्णनाचा परिच्छेद लेखकाने स्वतः लिहायचा आणि त्यातील प्रत्येक विधानावर प्रश्न आल्यास स्वतःच उत्तर द्यायचे, असा नियम करून पाहत आहोत. बदलांची संख्या त्यामुळे कमी झाली आहे, आणि त्याबद्दल व्यवस्थापनाने विचारणाही केली आहे. सौदामिनी, तुमच्या लायब्ररीसाठी असा काही नियम ठेवला तर बाहेरचे किती लोक टिकतील असे तुम्हाला वाटते?

सौदामिनी

थोडे टिकतील, आणि जे टिकतील त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी मला पुढे ही लायब्ररी सोपवायची आहे. मात्र एक्सझेडनंतर मी त्यात आणखी एक अट घालेन : वाटपाचा संग्रह कोणाच्याही घरच्या यंत्रावर तयार होणार नाही, तो गिटमधील मजकुरावरून, कोणालाही पुन्हा करून ताडून पाहता येईल अशा रीतीने बांधला जाईल. सोपवलेल्या माणसाचा हेतू मला तपासता येत नाही. त्याने वाटलेली फाइल तरी तपासता यायला हवी. हा बदल करण्याचे काम मी हाती घेतले आहे. नवशिका, तुम्हाला वेळ असेल तर बांधणीच्या चाचण्या लिहायला मदत हवी आहे.